कंपोस्ट शौचालयाचे भांडे, टाकी आणि नळी यांसाठी कोणते प्लास्टिक घ्यावे?

सोलापूरजवळच्या शेतघरासाठी पाण्याविना चालणारे, लघवी वेगळी घेणारे कंपोस्ट शौचालय बांधताना कोणते प्लास्टिक घ्यावे आणि बाजारातले निळे पिंप चालेल का, असे आपण विचारले आहे. आमच्या मळ्यात असे शौचालय काही वर्षांपासून वापरात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साठवलेल्या लघवीतील युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो आणि तिचा सामू (पीएच) ९ च्या आसपास जातो. एचडीपीई (निळी पिंपे ज्याची असतात ते जाड पॉलिथिन), पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) हे तिन्ही त्याला चांगले टिकतात. पॉलिकार्बोनेट मात्र अमोनियाने खराब होते, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे पारदर्शक जार यासाठी वापरू नयेत. आपल्याकडे या वस्तू बहुधा खराब होतात त्या उन्हाने. माझे पहिले निळे पिंप उघड्यावर होते. तिसऱ्या उन्हाळ्यात काठावरून बोट फिरवले की खडूसारखी भुकटी लागू लागली आणि पिंप हलवताना काठाशी वीतभर चीर गेली. टाकीसाठी काळे एचडीपीई घ्यावे, कारण त्यातील कार्बन ब्लॅक अतिनील किरणे शोषून घेतो. निळेच घ्यायचे असेल तर ते विटांच्या कप्प्यात, सावलीत ठेवावे. जुने पिंप रंगाईच्या किंवा इतर रसायनांचे असू शकते. त्यात आधी काय होते हे नक्की कळत नसेल तर ते घेऊ नये, कारण खत शेवटी आपल्याच जमिनीत जाणार आहे.

भांडे आत, सावलीत असते, म्हणून तिथे गुळगुळीत आणि ताठ असे पीपी चांगले. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर तळाचा त्रिकोण पाहावा, २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पीपी. खूण नसेल तर ब्लेडने किस काढून पाण्यात टाकावा. हे दोन्ही तरंगतात, पीव्हीसी बुडते.

लघवीच्या नळीला पीव्हीसी घ्यावे, पण उतार भरपूर आणि वळणे कमी ठेवावीत. आमच्याकडे आडव्या एल्बोत चुनखडीसारखा पांढरा थर इतका जमला की करंगळीही आत जाईना. हा थर फॉस्फेटच्या क्षारांचा असतो आणि व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवल्यास सुटतो. पीव्हीसीचे सोल्युशन एचडीपीई किंवा पीपीला धरत नाही, म्हणून पिंपाला भोक पाडून रबरी वॉशर आणि नटाची टँक निपल बसवावी, नाहीतर जोड तापवून वेल्ड करून घ्यावा.

लघवीच्या टाकीला पितळी तोटी लावू नये. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात, आणि त्यामागे तबेल्यातील घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया असल्याचे १९२१ साली स्पष्ट झाले. तोटी पीपीची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.