खून ऐकत पोळ्या लाटणारी सून

"मॅडम, ती खून ऐकत पोळ्या लाटते."

नवऱ्याने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू दाबावं लागलं. त्याची बायको, तिला आपण मृदुला म्हणू (नावगाव, तपशील बदललेत), खिडकीतून खाली बडोद्याच्या दांडिया बाजारातली रहदारी बघत बसली होती. ती शाळेत शिकवते. घरी आली की सीरियल किलरवरच्या एखाद्या लांबलचक कादंबरीचं ऑडिओबुक फोनवर लावते आणि स्वयंपाकाला लागते.

"तिच्या डोक्यावर परिणाम होईल का?" मी समुपदेशक, हा प्रश्न हल्ली माझ्याकडे सारखा येतो. कधी आई मुलाबद्दल विचारते, कधी नवरा बायकोबद्दल. खुनाच्या गोष्टी आपल्याकडे पूर्वीपासून उशीखाली असायच्या, पण त्या मुकाट वाचल्या जायच्या. आता त्या घरभर ऐकू येतात.

मृदुला म्हणाली, "मी खून नाही ऐकत हो, तपास ऐकते. शाळेत नि घरात दिवसभर कशाचाच निकाल लागत नाही. तिथे शेवटच्या प्रकरणात तरी लागतो."

मला हे पटलं. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं पुरुषांपेक्षा बायकांना जास्त ओढून घेतात, त्यातही जीव कसा वाचवावा याचे धागे असतील तर अधिकच, असं त्यात दिसलं. म्हणजे बायका विकृत झाल्या असं नव्हे. खुर्चीत सुरक्षित बसून आपली भीती चाचपून बघायची ही एक रीत आहे.

तरी मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागते? दाराची कडी पुन्हा पुन्हा बघतेस? रिक्षावाला, शेजारी, शिपाई यांच्याकडे संशयाने बघायला लागलीस? तिन्हींची उत्तरं ठीक होती. यातलं एकही बिघडलेलं असेल, तर मी आधी रात्रीचं ऐकणं बंद करायला सांगते. पुस्तक वाचताना डोळा लागला की ते हातातून गळून पडतं. ऑडिओबुक मात्र आपण झोपलो तरी बोलतच राहतं, नि डोळ्यांसारखे कान मिटता येत नाहीत.

इथवर तीन भेटी झाल्या. खरं सांगायचं तर मी तिला "दिवसाला एकच प्रकरण" असला गुळमुळीत सल्ला द्यायच्या बेतात होते. मग सहज विचारलं, "बरं, घरात झोप कुणाची उडालीय?"

नवऱ्याने मान वर केली. "आईची."

पंचवीस वर्षं या खुर्चीत बसल्यावर असा क्षण कानाला कळतो. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. घटनेपेक्षा त्या घटनेला आपण काय अर्थ लावतो, तिथे दुखणं असतं, असं मानणारी. पण अर्थ नेमका कोण लावतंय, हेच मी तीन भेटी चुकीच्या खुर्चीत शोधत होते.

चौथ्या भेटीला सासूबाई एकट्या आल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो. कुकरच्या शिट्ट्यांपायी आवाज मोठा ठेवते. मी मागच्या खोलीत जप करत असते, नि तो बाप्या मधूनच म्हणतो, त्याने दार वाजवलं."

"मग?"

"मग मी उठून मागचं दार बघते. तीनदा, चारदा."

"हे कधीपासून, ताई?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुण्यापासून."

१९७६ साली त्या बारा वर्षांच्या होत्या, सदाशिव पेठेत राहायच्या. ३१ ऑक्टोबरला जोशींच्या घरातली माणसं मारली गेली, १ डिसेंबरला अभ्यंकरांच्या. दिवेलागणीलाच रस्ते सुनसान व्हायचे. त्यांच्या वडिलांनी दाराला दुसरी कडी ठोकून घेतली. "बेल वाजली की आई आम्हाला पलंगाखाली ढकलायची." जानेवारीत वडिलांची बदली झाली, घर बडोद्याला आलं. खुनी पकडले गेले ते मार्चअखेरीस, कला महाविद्यालयात शिकणारी पोरं. १९८३ मध्ये येरवड्यात त्यांना फाशी झाली. पण या घरात तो विषय कुणी काढलाच नाही.

म्हणजे ताईंनी तेव्हाही गोष्ट मधूनच ऐकली होती, आणि आता स्वयंपाकघरातूनही मधलीच ऐकत होत्या. सुनेला शेवट मिळत होता, सासूच्या वाट्याला फक्त दार वाजणं येत होतं. (हे कळलं त्या संध्याकाळी मी घरी जाताना सुरसागर तलावाला उगाच एक फेरी जास्त मारली. कबूल करते, स्वतःवर खूश होते.)

नवऱ्याने लगेच हेडफोन आणायची तयारी दाखवली. हेडफोन घ्यावाच, जिथे लहान मूल आहे किंवा कुणी असं काही भोगलेलं आहे, त्या घरात स्पीकरवर लावायच्या आधी विचारावंही. पण एवढ्याने ताईंचं दार वाजायचं थांबलं नसतं. मी मृदुलाला म्हटलं, "आईंना शेवटचं प्रकरण ऐकव. आधी शेवट, दुपारी, उजेडात, चहा घेत. आणि त्यांना पुण्याचं सांगावंसं वाटलं तर गोष्ट बंद करून ते ऐक."

त्या दुपारी गोष्ट म्हणे वीसेक मिनिटंच चालली, पुणं दोन तास. मृदुलाला लग्नाला अकरा वर्षं होऊन यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. दोघी मिळून त्या खटल्याच्या निकालापर्यंत पोचल्या, तारखांसकट.

ताई पुन्हा आल्या तेव्हा कडीचं विचारलं. "बघते की. एकदा." आणि गोष्ट कशी वाटली विचारल्यावर नाक मुरडून म्हणाल्या, "तो इन्स्पेक्टर एवढा हुशार होता, तर आधीच्या सात जणींच्या वेळी काय झोपला होता?"