बूड घासत सरकणारा नातू, मुठीत धरलेली पेन्सिल

प्रश्न : नातू ११ महिन्यांचा झाला. रांगत नाही, बसल्या बसल्या बूड घासत घरभर फिरतो. शेजारचं त्याच्याच वयाचं पोर भिंत धरून चालायला लागलंय. सून म्हणते, वॉकर आणू. आणावा का?
– एक आजी, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : नको, आजी. त्या गोल वॉकरमध्ये मूल पायाच्या बोटांनी रेटा देतं, तोल मात्र वॉकरच सांभाळतो. म्हणून चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. शिवाय जिना किंवा शेगडीपर्यंत पोचायला त्याला क्षणभर पुरतो. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच आहे. जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा, कारण तो मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. पण तोही आधाराने आपणहून उभं राहू लागल्यावरच द्या, आणि सतरंजीवर. गुळगुळीत फरशीवर गाडा पुढे पळतो नि मूल तोंडावर आपटतं.

शेजारच्या पोराशी तुलना सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मांडलेल्या पाहणीत (दिल्लीची मुलंही त्यात होती) बिनआधाराचं चालणं साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांत कधीही सुरू झालेलं दिसलं. शंभरातली चारेक मुलं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. बूड घासत सरकणारी मुलं बहुधा उशिरा चालतात, काही तर दीड वर्षानंतर. त्याचा बाप किंवा मामा असाच सरकायचा का, घरात विचारून बघा. बऱ्याचदा हे घराण्यातच असतं.

दिवसातून चार-पाच वेळा, ५-१० मिनिटं, जागेपणी पालथा ठेवा. बसलेला असताना खेळणं समोर न ठेवता बाजूला, हात जेमतेम पोचेल इतक्या अंतरावर ठेवा; वळताना तो हातांवर भार घ्यायला शिकतो. लांब पायजम्यात गुडघे घसरतात, म्हणून गुडघे उघडे असू द्या. घरात अनवाणीच. दोन्ही हात डोक्यावर ताणून चालवू नका, कमरेला धरा. मालिश खुशाल करा, पण तिने पाय लवकर धरत नाहीत.

उचलल्यावर पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, अंग फार ढिलं वाटत असेल, एकच हात वापरत असेल किंवा आलेली गोष्ट करेनासा झाला असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी १८ महिन्यांपर्यंत चालला नाही तर. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही तपासतं आणि गरज असल्यास पुढे मोफत उपचारांना पाठवतं.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची, पेन्सिल मुठीत धरते. बाई म्हणतात, रोज अक्षरं गिरवून घ्या.
– एक आई, मिरज

उत्तर : अक्षरं एवढ्यात नकोतच. साधारण तीन वर्षांत गोल जमतो, चार वर्षांत फुली, चौकोन त्याच्याही नंतर. हे हातात आल्याशिवाय ‘अ’ गिरवणं म्हणजे नुसती शिक्षा. खडूचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा द्या; तो मुठीत धरून चालतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. पाटी भिंतीला उभी टेकवा, म्हणजे मनगट आणि खांदा दोन्ही कामाला लागतात. मेथी निवडायला, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला बसवा. भुईमुगाच्या शेंगा फोडणं बोटांना उत्तम, पण या वयात दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. ते काम पाच वर्षांनंतर द्या.