साखर उतरली आणि पांढऱ्या पेशी वाढल्या: संसर्गच असेल का?

आपण विचारले आहे की, एकादशीच्या उपवासात ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतल्याने वडिलांची रक्तातील साखर ५२ वर आली, साखरपाण्याने ते सावरले, परंतु तासाभरात काढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी १२,८०० निघाल्या. ताप, खोकला, लघवीची जळजळ यांपैकी काहीच नसताना हा जंतुसंसर्ग कुठून आला? सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षे काम केल्यामुळे असे रिपोर्ट पाहण्यात आले आहेत, आणि माझ्या मते केवळ या आकड्यावरून अँटिबायोटिक सुरू करणे घाईचे ठरेल.

रक्ताच्या नमुन्यात मोजल्या जातात त्या फक्त प्रवाहात वाहणाऱ्या पेशी. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण निम्म्या एरवी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून असतात आणि त्या मोजणीत येतच नाहीत. साखर ७० च्या खाली गेली की शरीर साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनबरोबर अॅड्रेनालिन हे ताणाचे संप्रेरकही सोडते. वडिलांच्या हातांची थरथर त्याचीच. हेच अॅड्रेनालिन अस्तरावरच्या पेशी सुट्या करते, प्लीहेतूनही पेशी रक्तात येतात, आणि अस्थिमज्जेने एकही नवी पेशी तयार केलेली नसताना आकडा ११,००० ची नेहमीची मर्यादा ओलांडू शकतो. या वाढीला क्रमही असतो. आधी लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार वाढतो. पुढच्या काही तासांत कॉर्टिसॉल या ताणाच्या दुसऱ्या संप्रेरकाच्या प्रभावाने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. आपल्या रिपोर्टात लिम्फोसाइट ४४ टक्के आहेत, हे जिवाणूंच्या संसर्गापेक्षा अॅड्रेनालिनच्या पहिल्या टप्प्याशी अधिक जुळते. एकूण आकड्याखालची ही ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत.

मात्र पांढऱ्या पेशींचा आकडा उतरला म्हणजे सारे निवळले, असे नाही. नेदरलँड्समधील नायमेखनच्या संशोधकांनी मधुमेही आणि निरोगी अशा दोन्ही गटांतील स्वयंसेवकांची साखर इन्सुलिन देऊन मुद्दाम ५० च्या आसपास आणली, तेव्हा मोनोसाइट या पांढऱ्या पेशी चिथावणीला अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागल्या, दाह दर्शवणारे सीआरपीही वाढले, आणि यांतील काही बदल आठवडाभर टिकले. साखर अर्ध्या तासात जागेवर येते, दाह इतक्या लवकर शमत नाही. म्हणूनच वारंवार साखर उतरणाऱ्या रुग्णांच्या हृदयाची काळजी डॉक्टर अधिक करतात, जरी दाहामुळेच हृदयविकार होतो असे त्यातून सिद्ध होत नसले तरी.

उलट शक्यताही लक्षात ठेवावी लागेल. गंभीर संसर्गात, विशेषतः वयस्कर किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या व्यक्तीची साखर संसर्गामुळेच उतरू शकते. थंडी वाजून ताप, धाप किंवा गुंगी दिसली तर माझे वरचे विवेचन बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. तसे काही नसेल, तर एक-दोन दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुन्हा करावी आणि त्या कागदावर साखर उतरल्याची वेळ लिहून द्यावी.

५२ हा आकडा घरच्या ग्लुकोमीटरवरचा असून लक्षणेही होती, तेव्हा तो खराच मानावा. लॅबचा असता, तर नमुना राखाडी बुचाच्या फ्लोराइड नळीत होता का, हे मी आधी विचारले असते. साध्या नळीत रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हाळ्यात नमुना ताटकळला तर आकडा खोटाच उतरतो.

पंढरपूर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात असल्याने आपल्याकडे एकादशी सुटणे अवघड, हे मान्य. पण उपवासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची किंवा टाळायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. साखर उतरल्यावर शेंगदाण्याचा लाडू देऊ नये, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकत असल्याने नंतर पोटभर खायला घालून रात्रीही एकदा साखर पाहावी.