ज्या गायकाला प्रत्यक्ष कधी ऐकलेच नाही, त्याच्या स्मृतिसभेला जाणे दिखाऊपणाचे ठरते का?

आपण लिहिले आहे की किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या आपण अनेक वर्षे ऐकत आला आहात आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मृतीसाठी होणाऱ्या संगीत सभेला एकदा जावे असे आपल्याला वाटते. परंतु ज्यांना कधी पाहिले नाही, समोर बसून ऐकले नाही, त्यांच्यासाठी असे जाणे दिखाऊपणाचे ठरेल काय, आणि जायचे ठरल्यास तयारी काय करावी, असे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर 'मुळीच नाही' असे आहे. ते मी सविस्तर देणार आहे, कारण नेमका हाच आक्षेप माझ्या थोरल्या मामांनी माझ्यावर घेतला होता आणि तोही त्याच दर्ग्याच्या आवारात.

मामा गाण्यातले दर्दी आहेत, याविषयी मला शंका नाही. पुण्यात रमणबागेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सव भरत असे त्या काळात त्यांनी पंडित भीमसेन जोशींना वर्षानुवर्षे समोर बसून ऐकले. पंडितजी कोणत्या वर्षी काय गायले, साथीला कोण होते, पहाटेच्या थंडीत आवाज कसा लागला होता, हे ते आजही अचूक सांगतात. त्यांचे ठाम मत असे की गाणे ही समोरासमोर घडणारी गोष्ट आहे. तबकडीवर उरते ती केवळ नोंद, आणि नोंद ऐकून झालेला चाहता हा खरा चाहता नव्हे. मी लहानपणापासून अब्दुल करीम खाँच्या तबकड्यांवर वाढले, त्यामुळे हे मत मला कधीच मान्य नव्हते. मात्र मामांसमोर वाद घालण्याची आमच्या घरात पद्धत नसल्यामुळे मी बरीच वर्षे गप्प राहिले.

मिरजेला आम्ही दोघे मिळून गेलो. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात, उरुसाच्या दिवसांत ही सभा होते. खाँसाहेब मूळचे उत्तरेतील कैराना गावचे. मिरजेत स्थायिक झाल्यावर दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली बसून ते आपली गायनसेवा रुजू करीत. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांना मिरजेत आणून याच दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. मजारीपाशी मी डोके टेकवले तेव्हा मला खरोखर भरून आले होते. मामांनी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "तुझा आदर मला समजतो, पण ज्यांना तू ऐकलेच नाहीस त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी येणे मला पटत नाही. ते दुःख उसने आहे." रागाने बोलले असते तर मी सोडून दिले असते. ते विचारपूर्वक बोलले, म्हणून ते लागले.

रात्री सभेत आम्ही पुढेच बसलो होतो. माझ्या शेजारी तंबोरे बनवणाऱ्या घराण्यातले एक गृहस्थ होते. (मिरजेची तंतुवाद्ये देशभर जातात, आणि 2024 साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.) त्यांचे अर्धे लक्ष गाण्याकडे आणि अर्धे तंबोऱ्याच्या जवारीकडे, म्हणजे तारांच्या झणत्कारी नादाकडे, होते; पंचमाची तार किंचित उतरली की ती मंचावर जुळवली जाण्याआधीच यांच्या कपाळावर आठी पडत असे. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीची उत्तम जाण होती, त्यामुळे त्यांच्या स्मृतीसाठी जमलेल्या श्रोत्यांत असा माणूस असणे मला फार योग्य वाटले.

मध्यरात्रीनंतर एका तरुण गायिकेने ख्याल संपवून झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी घेतली. खाँसाहेबांची ती तबकडी ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिचा प्रत्येक श्वास पाठ असतो. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे त्या काळच्या गायकाला सगळे आटोपशीर मांडावे लागे. या मुलीने तोच मुखडा, म्हणजे ठुमरीची सुरुवातीची ओळ, घेतला, तबकडीतल्या दोन-तीन ओळखीच्या जागा जशाच्या तशा घेऊन आपण कोठून आलो ते सांगितले आणि मग ती सावकाश स्वतःच्या वाटेने निघाली. तीन मिनिटांत जे आलापाचे धागे केवळ सूचित करून सोडलेले होते, त्यांतला एकेक धागा ती उलगडत गेली. कितीतरी वेळा ऐकलेल्या तबकडीत एवढे न गायलेले गाणे शिल्लक आहे, हे मला त्या रात्री प्रथमच कळले आणि घरी बसून ते कळले नसते.

गाणे संपल्यावर मामा म्हणाले, "चांगली गायली, पण हे खाँसाहेबांसारखे नव्हते."

तेव्हा मात्र मी बोलले. खाँसाहेबांना जाऊन अनेक दशके झाली. मामांचा जन्मही त्यानंतरचा. हे गाणे खाँसाहेबांसारखे नाही, असे त्यांनी ठरवले ते ज्या तबकडीवरून मी त्यांची चाहती झाले, त्याच तबकडीवरून. तबकडी जर मामांना निवाडा करण्यासाठी पुरेशी असेल, तर ती मला दुःख वाटण्यासाठीही पुरेशी असली पाहिजे. आणि मामांचा नियम काटेकोरपणे लावायचा म्हटले, तर त्या रात्री दर्ग्यात बसलेल्या एकाही श्रोत्याला तिथे बसण्याचा अधिकार उरत नव्हता आणि ती सभा केव्हाच बंद करावी लागली असती.

'त्यांच्यासारखे नव्हते' या आक्षेपाविषयी माझे मत अधिकच कडक आहे. स्मृतिसभेत तबकडीची हुबेहूब नक्कल करणे, मूळ गायकाचा हुंकारही उचलून दाखवणे, याला मी आदरांजली मानत नाही. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याकडेच पाहावे. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार आणि तारसप्तकात सहज रमणारा. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांचा आवाज जड आणि तापायला वेळ घेणारा. त्यांना त्यावर अपार मेहनत करावी लागली. सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला आणि त्या आवाजातच त्यांनी आपले गाणे उभे केले. भीमसेनजींचा दमदार, मेघासारखा आवाज तर सर्वांनाच परिचित आहे. यांतला एकही आवाज खाँसाहेबांसारखा नाही. तरीही एकेका स्वराला धरून राहण्याची, त्याला पूर्ण फुलू देण्याची ओढ या सर्वांकडे खाँसाहेबांकडूनच आलेली आहे. त्या मुलीने हेच केले होते.

मामांच्या लाडक्या भीमसेनजींचेच उदाहरण मी त्यांना पुढे दिले. गदगचा एक लहान मुलगा याच झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी ऐकून इतका झपाटला की 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर असे हिंडून अखेर तो खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोहोचला. त्याच्या आयुष्याला वळण लावणारी ती ओढ एका तबकडीने निर्माण केली होती. तिला उसनी म्हणण्याचे धाडस मामा करतील असे मला वाटत नाही.

पुढे सवाई गंधर्व 1952 साली गेले आणि दुसऱ्याच वर्षापासून भीमसेनजींच्या पुढाकाराने पुण्यात त्यांच्या स्मृतीसाठी महोत्सव सुरू झाला. त्याची सांगता कशी होते हे मामांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे: शेवटच्या कलाकाराचे गायन झाल्यावर सवाई गंधर्वांची 'बिन देखे परे नाही चैन' ही भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली जाते. अनेकजण चपला शोधू लागतात. मामा मात्र ती संपेपर्यंत जागचे हलत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. सवाई गंधर्वांनाही त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेले नाही. मामांनी यावर अजून काही उत्तर दिलेले नाही, पण अलीकडे ते मला खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांविषयी विचारू लागले आहेत.

मामांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मात्र नव्हे. तबकडी नेमक्या कोणत्या गतीने मुद्रित झाली आणि आज कोणत्या गतीने वाजवली जाते, यावर आवाजाची पट्टी बदलते. थोडा फरक पडला तरी तोच आवाज अधिक बारीक किंवा अधिक जड भासतो. जुन्या यंत्रांनी सूक्ष्म कंपने किती पकडली, हाही प्रश्न आहेच. म्हणून तबकडीवरून गायकाच्या आवाजाविषयी छातीठोक विधाने करू नयेत. माझे म्हणणे ओढीपुरते आहे, परीक्षणापुरते नाही. तसेच प्रत्येक स्मृतिसभा मिरजेसारखी नसते. काही ठिकाणी सत्कार आणि भाषणे यांत इतका वेळ जातो की ज्यांच्यासाठी जमलो त्यांचे नाव फलकापुरतेच उरते. अशा ठिकाणी न जाता घरी तबकडी लावणे केव्हाही चांगले.

तयारीविषयी थोडेसे. उरुसाची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी दर्ग्याकडे किंवा मिरजेतल्या कोणाकडे चौकशी करावी. हे एक श्रद्धास्थान आहे, त्यामुळे डोके झाकण्यास रुमाल जवळ ठेवावा. बैठक जमिनीवर आणि बराच वेळ असते. गुडघे दुखत असतील तर कडेची जागा धरावी. कलाकार येथे बिदागीसाठी नव्हे तर हजेरी लावण्यासाठी गातात, तेव्हा आपल्या आवडत्या ठुमरीची फर्माईश ओरडून करू नये. संपूर्ण गायनाचे मोबाईलवर चित्रीकरण करणाऱ्यांविषयी मला तीव्र नाराजी आहे. मागच्या माणसाला काहीही दिसत नाही. जाण्यापूर्वी झिंझोटीची ती ठुमरी, भैरवीतली 'जमुना के तीर' आणि जोगियातली 'पिया मिलन की आस' या तीन तबकड्या प्रत्येकी एकदा, मध्ये काही न करता, ऐकाव्यात. तिन्ही मिळून दहा-बारा मिनिटे लागतात, आणि सभेत त्यांतली एखादी कोणी गायला घेतली तर त्यात मूळचे किती आणि नवे किती, हे आपले आपल्यालाच ओळखता येईल.