पोट उडतंय हे तुला दिसलंय, आता श्वास मोज

तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. तू लिहिलंस: सात महिन्यांची लेक, तीन दिवस खोकला, कालपासून पोट उडतंय. सासूबाई म्हणतात डबा झालाय (बाळाचं पोट उडायला लागलं की जुन्या बायका त्याला डबा म्हणतात), ओव्याची धुरी देऊया, आणि या पावसात तालुक्याला न्यायला घरचे तयार नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या उपकेंद्रात मी २६ वर्षं नर्सबाई होते, म्हणून सांगते.

पुढचं नंतर वाच, आधी श्वास मोज. लेक शांत असताना, दूध पीत नसताना, झबलं वर कर. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लाव आणि पोट किती वेळा वर येतं ते मोज. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नकोस, एवढ्या लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. तुझ्या लेकीच्या वयाला, म्हणजे २ महिन्यांपासून वर्षाच्या आत, ५० किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया धरायचा आणि आजच डॉक्टर गाठायचा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला हा आकडा ६०, वर्षापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर आकड्याची वाट बघू नकोस, लगेच नीघ. दूध ओढत नसेल, पोटात काहीच ठरत नसेल, झटके आले, हाका मारूनही जागी होत नसेल, ओठ निळसर दिसले, तर थेट १०८.

एका आषाढातली रात्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. पलीकडच्या वाडीतली बाई होडीतून आली. पदराखालून बाळ काढलं, दोन दुपटी, कुंची, कुंचीला वेखंडाचा वास. सगळं सोडलं तर बरगड्यांखाली श्वासागणिक वाटीएवढा खळगा. मी ७२ मोजले. ती म्हणाली, "बाई, मला काल दुपारीच दिसलं होतं. घरात म्हणाले दृष्ट काढू, सकाळी बघू." बाळ वाचलं, पण कितीतरी दिवस ऑक्सिजनवर होतं. त्या आईचं काहीच चुकलं नव्हतं गं. तिला दिसलं होतं, तिचं कुणी ऐकलं नाही.

म्हणून सासूबाईंशी वाद घालू नकोस. डबा म्हणतात तो बहुतेक वेळा हाच आजार, न्यूमोनिया. जुन्या बायकांनी तो बरोबर ओळखला होता, उपाय तेवढा चुकला. पोटावर डागलेली बाळं मी पाहिलीत; आजार तिथेच, वर जखम, आणि एक दिवस वाया. त्यांना म्हण, "आई, तुम्ही म्हणता तसा डबाच दिसतोय, म्हणूनच नेऊया." असं म्हटल्यावर सासूच पुढे होऊन रिक्षा बोलावते, हे मी खूपदा पाहिलंय.

धुरी मात्र बंद. खोकणाऱ्या छातीत आणखी धूर कशाला? आपल्याकडे पावसात लाकडं ओली, चूल धुमसते, लंगोट चुलीवरच्या दोरीवर आणि बाळ तिथेच जवळ, शेक मिळतो म्हणून. पाळणा आजच माजघरातून दाराकडे हलव. घरात कुणी विडी ओढत असेल तर त्याला अंगणात पाठव.

नाकाला कापूर नको, पोटात गेला तर झटके येतात. वर्षाच्या आत मध नको. दुकानातून खोकल्याचं औषध आणू नकोस, मागच्या खेपेचं उरलेलं अँटिबायोटिकही देऊ नकोस. नाक चोंदलं असेल तर पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब, तेही औषधाच्या दुकानातून तयार आणलेले. दूध थोडं थोडं, पण सारखं पाज.

लसीकरणाचं कार्डही बघून ठेव. न्यूमोनियाची पीसीव्ही लस दीड महिन्याला आणि साडेतीन महिन्याला झालेली असायला हवी, तिसरी नऊ महिने पूर्ण झाल्यावर. राहिली असेल तर आशाताईंना सांग.

न्यायची वेळ आली तर तिला उभी, छातीशी धर, तोंडावर पदर घेऊ नकोस. वाटेत मागितलं तर अंगावर पाज. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग: कालपासून पोट उडतंय, मिनिटाला इतके श्वास.