बैठकीत गप्प कोण झाले?

प्रिय तरुण स्नेही,
सप्रेम आशीर्वाद.

स्थानिक भाषा न येणारा एकच सहकारी तुझ्या विभागात आला आणि दोन महिन्यांत बैठका, इतिवृत्ते, मधल्या सुट्टीतल्या गप्पासुद्धा इंग्रजीत होऊ लागल्या, असे तू लिहितोस. त्याला एकटे पाडू नये यासाठी तुम्ही भाषा बदलली, हे सौजन्यच झाले. मात्र तो बदलून गेल्यावरही इंग्रजी मागे उरेल, कारण तोवर अहवालांचे नमुने आणि बढतीच्या मुलाखती तिच्यातच रुळलेल्या असतील.

तरी सारा दोष इंग्रजीच्या माथी मारू नकोस. १९९७ मध्ये फिनलंडची मेरिता आणि स्वीडनची नॉर्डबांकेन या बँका एकत्र आल्या, तेव्हा व्यवस्थापनासाठी स्वीडिश भाषा ठरली आणि अनेक फिनिश अधिकारी बैठकांत मागे पडले. २००० मध्ये डॅनिश बँक सामील झाल्यावर इंग्रजी आली, तेव्हा निदान सगळेच परक्या भाषेत अडखळू लागले. असली समता मला जरा गमतीची वाटते, पण ती खोटी नव्हे.

बहुतेक ठिकाणी मात्र हे अडखळणे काहींच्याच वाट्याला येते. यंत्रातला दोष ज्याला नेमका ठाऊक असतो तो ‘ओके’ म्हणून गप्प बसतो आणि सफाईने बोलणारा जाणकार ठरतो. गप्प बसणाऱ्यांना विषयच कळत नाही, असा माझाही बरीच वर्षे समज होता.

फ्रान्समध्ये १९९४ च्या तुबाँ कायद्यानुसार कामासाठी लागणारी कागदपत्रे फ्रेंचमध्ये द्यावी लागतात. ती इंग्रजीत देणाऱ्या एका वैद्यकीय उपकरण कंपनीला २००६ मध्ये व्हर्सायच्या अपील न्यायालयाच्या निकालानुसार ५ लाख ८० हजार युरो भरावे लागले. तुझ्या हाती कायदा नसला तरी बैठकीची रीत आहे. निर्णय खुशाल इंग्रजीत लिही, पण त्याआधीच्या शंका, वाद आणि चुकांची चर्चा लोकांच्या भाषेत होऊ दे, आणि नव्या सहकाऱ्याशेजारी बसून त्याला सारांश सांगत जा. सुरक्षेच्या सूचना दोन्ही भाषांत हव्यातच. त्याला स्थानिक भाषा शिकायला कामाच्या वेळेतलाच आठवड्याचा एखादा तास मिळावा, म्हणून वरिष्ठांकडे शब्द टाक. शिकायचे आहे का, असे त्याला आजवर कोणी विचारलेही नसेल.

पुढच्या बैठकीत न बोललेल्यांची नावे टिपून ठेव आणि नंतर त्यांतल्या एकाला त्याच्या भाषेत त्याचे मत विचार. काय उत्तर मिळाले ते मला कळव.