वाचकांचे प्रश्न : औषधांविषयीची माहिती येते कोठून?

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे. एक नवे औषध ‘रिअल वर्ल्ड डेटा’वरून उपयुक्त ठरल्याचे नुकतेच वाचले. ही माहिती कोठून गोळा होते, आणि तिच्यात आमच्यासारख्या गावांतले रुग्ण असतात का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : औषधाच्या चाचणीत रुग्ण निवडून, त्यांची संमती घेऊन, आधी ठरवलेल्या पद्धतीने मोजमापे केली जातात. ‘रिअल वर्ल्ड डेटा’ मात्र रोजच्या उपचारांच्या ओघात साठत जातो. रुग्णालयांचे केसपेपर व संगणकीय नोंदी, प्रयोगशाळांचे अहवाल, विम्याचे दावे, मृत्यूच्या नोंदी हे त्याचे मुख्य स्रोत असून, यांतील बहुतेक नोंदी संशोधनासाठी केलेल्याच नसतात. म्हणून प्रत्येक नोंद कोणी आणि कशासाठी केली, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

विम्याचा दावा खर्च मिळावा म्हणून केला जातो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार येतात. त्यामुळे आपल्या आई दरमहा गावातल्या मेडिकलमधून गोळ्या घेत असतील, तर त्या दाव्यांत त्यांचा मागमूसही नसेल; उद्या त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तरच त्या तेथे दिसतील. केवळ दावे तपासणाऱ्या संशोधकाला मधुमेहाची आधीची सारी वर्षे अदृश्यच राहतात.

कोकणात आणखी एक अडचण आहे. रत्नागिरीचा रुग्ण मुंबईला मुलाकडे जाऊन उपचार घेतो, सिंधुदुर्गातला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जातो, आणि त्याचे कागद तीन ठिकाणी विखुरतात. ते जोडले गेले नाहीत, तर एकच माणूस तीन रुग्ण म्हणून मोजला जाऊ शकतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 14 अंकी ‘आभा’ क्रमांक अशा नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडता याव्यात यासाठीच आहे. कर्करोगाच्या नोंदणीत ही काळजी फार पूर्वीपासून घेतली जाते. मुंबईत 1963 साली आणि ग्रामीण भागासाठी बार्शीला 1987 साली अशी नोंदणी सुरू झाली. तेथे रुग्णाचे वास्तव्य किमान वर्षभर त्या भागात आहे ना हे तपासतात, मृत्यूच्या नोंदींशी ताळा घेतात आणि दुबार नावे वगळतात. हे काम कष्टाचे आहे, आणि त्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

प्रश्न : मग अशा माहितीवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : स्रोत तपासता येत असेल, तर जरूर ठेवावा. मे 2020 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, कोविडवर दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध धोक्याचे असल्याचे सांगणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. 671 रुग्णालयांतील सुमारे 96 हजार रुग्णांच्या नोंदी त्याला आधार असल्याचे सांगितले होते, आणि त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग काही दिवस थांबवला. परंतु माहिती पुरवणाऱ्या खासगी कंपनीने मूळ नोंदी स्वतंत्र तपासणीसाठी दिल्या नाहीत, आणि जूनच्या आरंभी तो निबंध मागे घेण्यात आला.

नोंदी खऱ्या असल्या, तरी तुलना चुकू शकते. नवे औषध बहुधा आजार बळावलेल्यांना दिले गेले असेल, तर ते आहे त्याहून निरुपयोगी भासेल. केवळ ऐपत असलेल्यांनी घेतले असेल, तर आहे त्याहून गुणकारी वाटेल. म्हणून आईंच्या डॉक्टरांना इतके विचारावे : या औषधाची रुग्णांचे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) गट पाडून चाचणी झाली आहे का, आणि नंतरच्या नोंदींत त्यांच्या वयाचे, मूत्रपिंडाची स्थिती त्यांच्यासारखी असलेले रुग्ण होते का?